वाढत्या मापाचं नको!

मैत्रिणींनो, या खेपेला वसमत तालुक्यातल्या हट्ट्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची पंधरा वर्षांची लेक दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकायला निघाली आहे. पोहायला ती शिकली शेतातल्या विहिरीवर, पाठीला वाळका भोपळा बांधून. मामेबहिणीचे जुने फिन, म्हणजे पायात घालायचे ते रबरी पंखे, घरात आहेत. पण दोन नंबरांनी मोठे. "पुढं कापसाचे बोळे कोंबले तर चालेल का? का नवेच घेऊ, पण वाढत्या पायाचे?" असं त्या विचारतात.

ताई, बोळे नकोत आणि वाढत्या मापाचेही नकोत. शाळेचा गणवेश आपण सगळ्याच एक नंबर मोठा घेतो, त्यात काही चूक नाही. पण ढिला फिन पाण्यात पायावर खेळतो, टाच सोलते, पोटरीत गोळा येतो, कधी फिन निसटतोसुद्धा. विहिरीत गोळा आला तर काठ चार हातांवर असतो. समुद्राखाली, पाठीवर सिलिंडर असताना, तसं नाही. फार घट्टही नको. बोटं मुडपली की पायाला मुंग्या आल्याच.

फिन दोन तऱ्हेचे असतात. एक बुटासारखा, अनवाणी पावलावर चढवायचा. मालवणकडच्या कोमट पाण्यात तो पुरतो. दुसऱ्याची टाच उघडी असते, मागं पट्टा असतो आणि आत जाड रबरी मोजेबूट घालावे लागतात. खडकावरून पाण्यात उतरायचं असेल तर हाच बरा. पट्टा कमीजास्त करता येतो, तेव्हा वाढत्या पायाला थोडे दिवस जास्त पुरेल. काटकसर इथं एवढीच साधते! माप मात्र बूट घालूनच बघायचं आणि तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगतं. फिन घालून बसावं, पाय हवेत हलवावा. टाच सुटत असेल तर नंबर कमी करा.

पातं लांब आणि कडक घेऊ नका. विहिरीवर पोहणाऱ्या पोरी बहुधा गुडघ्यातून पाय मारतात. इथं तो कमरेतून हलवायचा असतो. ती सवय लागेपर्यंत कडक पात्यानं दमछाक होते, आणि दमलं की सिलिंडरमधली हवाही लवकर संपते.

खरं सांगू? आत्ता काहीच घेऊ नका. शिकवणारे बहुधा फिन देतातच. फोन करून तेवढं विचारून घ्या. तिथं दोन-तीन जोड घालून पाहिले की आपल्याला काय बसतं ते लेकीलाच कळेल. पैसे मग खर्चा.

आणि हो, ते जुने फिन टाकू नका. रबराला चिरा नसतील तर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत आडवे ठेवा. पात्यावर उभे केले तर बाक येतो आणि तो सहसा जात नाही. वर्षा-दोन वर्षांत पाऊल भरलं तर तेच कामी येतील.