मोकळी जमीन हेच लहान घराचे वैभव

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतील वाड्यांत दोन-दोन खणांच्या खोल्यांतून ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, आणि तेवढ्याच जागेत पाहुण्यारावळ्यांचे आगतस्वागत, मुलांचे अभ्यास व सणावारांच्या पंगतीही पार पाडल्या, त्यांना जागेच्या विनियोगाची एक विद्या अवगत होती. सदनिकांत राहणारे आपण ती विद्या गमावून बसलो आहोत, आणि म्हणूनच त्या बिऱ्हाडांहून कितीतरी प्रशस्त घरेही आपल्याला आज कोंदट वाटतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या विद्येचे मर्म एवढेच होते की, जमिनीवर कोणत्याही जिनसेची कायमची वहिवाट होऊ द्यायची नाही. जाड भिंतीतच कोनाडे आणि फडताळे काढलेली असत. कपड्यांसाठी खुंट्या व दांडी, डब्यांसाठी फळी, आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या सामानासाठी माळा, अशी प्रत्येक वस्तूची तजवीज उंचावर किंवा भिंतीच्या पोटात केलेली असे. पहाटे अंथरुणांच्या वळकट्या घडवंचीवर गेल्या की रात्रीचे शयनगृह सतरंजी घालताच बैठकीची खोली होई, आणि पाट मांडले की तीच जेवणघर होई. मी त्या जीवनाचे अकारण गोडवे गात नाही. सामाईक शौचकूप आणि अंधाऱ्या आतल्या खोल्या यांचा जाच त्या बिऱ्हाडकरूंनी मुकाट्याने सोसला, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे कोसळून अनेकांना शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत जावे लागले. तथापि वाड्यांचे दोष मान्य करूनही तेथील शिस्त मात्र आपण उचलावी, असे मला मनापासून वाटते.

आजच्या खोलीचा हिशेब पाहा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीत सहा फूट बाय साडेसहा फुटांचा पलंग ठेवला की शंभरातील एकोणचाळीस चौरस फूट जागा त्याच्या कब्जात जाते. चार फूट रुंद व दोन फूट खोल कपाट आणखी आठ चौरस फूट घेते. दाराची आणि कपाटाची झडप उघडण्यापुरती जागा वजा केली म्हणजे माणसाला वावरायला एक अरुंद वाट तेवढी उरते. सदनिकेची विक्री चटईक्षेत्रावरच व्हावी, असा दंडक २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घातला, हे ग्राहकाच्या दृष्टीने इष्टच झाले. परंतु खरेदीखतात नोंदलेल्या त्या क्षेत्रापैकी किती भाग पावलांसाठी राखायचा आणि किती फर्निचरच्या स्वाधीन करायचा, याचा निर्णय कोणताही कायदा आपल्या वतीने करणार नाही. म्हणून लहान खोलीत भिंतीला मिटणारा किंवा खाली सामान ठेवता येणारा पलंग घ्यावा, कपाट छतापर्यंत चढवावे, आणि सोफासेटचा हट्ट सोडून कमी उंचीची बैठक घालावी. कारण नजरेला भिंतीच्या पायथ्यापर्यंतची फरशी जितकी अखंड दिसते, तितकी खोली मोठी भासते.

जमिनीइतकेच महत्त्व प्रकाशाला आहे. पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना हातभर पुढे काढली, तर दिवसा पडदा भिंतीवर सरकतो आणि सगळी तावदाने मोकळी होतात. खिडकीच्या लगतच्या भिंतीवर आरसा लावला, तर आलेला उजेड खोलीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. भिंती व छत एकाच फिकट रंगाचे ठेवले, तर त्यांच्या सीमारेषा पुसट होतात. या साध्या उपायांच्या नेमके विरुद्ध जाणारी एक रीत शहरात रूढ झाली आहे, ती म्हणजे बाल्कनी काचेने बंद करून दिवाणखान्यात ओढण्याची. पाच-सहा फुटांच्या लोभाने आपण वारा आणि आकाश दोन्ही घालवतो, आणि ज्या जागेमुळे घर मोठे वाटत होते तीच जागा अडगळीला बहाल करतो. हा व्यवहार तोट्याचा आहे.

मात्र सगळा भार एकट्या गृहस्थावर टाकणे न्यायाचे नाही. दोन खणांचे बिऱ्हाड सुसह्य होई, कारण दाराबाहेर ओटी होती आणि पुढे चौक होता; मुले तेथे खेळत, पापड-कुरडया तेथे वाळत, संध्याकाळच्या गप्पा तेथे रंगत. आजच्या गृहनिर्माण संस्थांत चौकाची जागा वाहनांनी घेतली आहे, आणि सर्वांच्या मालकीच्या गच्चीला बहुधा कुलूप असते. सुरक्षिततेसाठी कठडे उंच करावेत, वेळेचे नियम घालावेत, परंतु गच्ची रहिवाशांना खुली करावी, असा ठराव प्रत्येक संस्थेने आपल्या वार्षिक सभेत मंजूर करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलाला धावायला आणि वृद्धाला फेऱ्या मारायला जागा मिळाली, तर त्या खोल्यांवरचा अर्धा ताण आपोआप हलका होईल, आणि त्यासाठी कोणालाही एक चौरस फूटही नव्याने विकत घ्यावा लागणार नाही.