सीमेपलीकडचा शस्त्रबाजार

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग आहे आणि तिच्या पलीकडे मध्य प्रदेशाचा बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील पाचोरी गावात तयार होणारी गावठी पिस्तुले डोंगरवाटांनी सोनाळा-टुनकीच्या परिसरात उतरतात व तेथून पुढे राज्यात पसरतात, ही गोष्ट पोलिसांच्या दप्तराला किंवा वृत्तपत्रांच्या वाचकांना आता नवी राहिलेली नाही. माल पकडला जातो, दोघेचौघे कोठडीत जातात, जप्त शस्त्रे टेबलावर मांडून छायाचित्र काढले जाते, आणि काही दिवसांनी तीच बातमी निराळ्या नावांनी पुन्हा छापून येते. पकडलेल्या मालाचा हिशेब सरकार देते. न पकडलेल्या मालाचा हिशेब देण्यास कोणीच बांधलेला नाही.

या व्यापाराला पुष्कळदा शिकारीचे आणि शेतीरक्षणाचे पांघरूण घातले जाते. हे पांघरूण प्रथम दूर केले पाहिजे. पिकात शिरलेला रोही किंवा रानडुक्कर गावठी पिस्तुलाने रोखता येत नाही. हाताच्या अंतरावर माणसावर चालविण्याचे ते हत्यार आहे, आणि ते विकत घेणाऱ्याच्या मनात कोणती शिकार असते हे सांगण्यास ज्योतिषी नको. परंतु शेतकऱ्याचे दुखणे खोटे आहे असा याचा अर्थ नव्हे. तूर, हरभरा, मका हाताशी आला की रात्रभर मळ्यात जागली करावयाची आणि तरीही सकाळी तुडवलेले रान पाहावयाचे, हा अनुभव अंबाबरवा आणि ज्ञानगंगा या अभयारण्यांच्या आसपासच्या गावांना नवा नाही. प्रश्न असा की, या खऱ्या गरजेसाठी कायद्याने ठेवलेली वाट आज किती चालण्याजोगी उरली आहे?

कागदावर ती वाट आहे, आणि ती पुष्कळ सुज्ञपणे आखलेली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात असे म्हटले आहे की, पिकांच्या प्रामाणिक रक्षणासाठी कोणी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो नाकारण्याची कायदेशीर कारणे नसताना अधिकाऱ्याने द्यावयाचा आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडत असेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही तेथे तरतूद आहे. वन्यजीवांच्या बाबतीत १९७२ च्या कायद्याने शिकारीचा छंद संपविला, आणि तो संपविला हे योग्यच झाले. पण उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या ठरावीक प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार त्याच कायद्याने वनखात्याकडे ठेवला. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने रोही आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. म्हणजे बंदूक मिळण्यास कायदा आड येत नाही, ती चालविण्यासही आड येत नाही.

आड येते ती कागदांची रांग. परवान्यासाठी जिल्हा कचेरी, चौकशीसाठी पोलीस ठाणे, परवानगीसाठी वनखाते, नुकसानीच्या पंचनाम्यासाठी पुन्हा तेच वनखाते आणि तलाठी! परवाना हाती आल्यावर अधिकृत विक्रेता गाठावयाचा, कराची पावती घ्यावयाची, परवान्यावर शस्त्राची नोंद करवावयाची. विक्रेता परराज्यातला असेल तर परवान्याची हद्द तेथवर पोहोचते की नाही हे पाहावयाचे, आणि माल पाठवावयाचा झाल्यास वाहतुकीचा परवाना निराळा. प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय नोंदणीतील स्वतंत्र क्रमांकही लागतो. यातील एकही अट निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. शस्त्र ही भाजी नव्हे. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल व रिव्हॉल्वर यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला, त्याबद्दलही आमची तक्रार नाही. मात्र या साऱ्या अटी पाळणाराच तेवढा अडतो आणि डोंगरापलीकडून येणारा माल पावती, कर व नोंद यांपैकी काहीही न देता आत येतो, ही विसंगती कोणत्याही राज्याला शोभणारी नाही. इतकेच नव्हे, तर पिस्तुलांचा प्रत्येक नवा साठा सापडला की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा हात अधिकच आखडतो. गुन्हा एकाचा आणि प्रायश्चित्त दुसऱ्याला, असा हा न्याय आहे.

ज्या सीमेच्या आडोशाने हे चालते तिचे वय तरी किती? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बुलढाणा आणि बऱ्हाणपूर एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. त्याही पूर्वी, मिठावरील कर बुडू नये म्हणून इंग्रज सरकारने सिंधू नदीपासून जी जकातीची रेषा आखली, तिचे काटेरी कुंपण बऱ्हाणपुरापर्यंत येऊन पोहोचले होते. त्या साऱ्या रेषेवर सुमारे १२,००० माणसे पहारा करीत. १८७९ साली ती मोडली. गरिबाचे मीठ अडविण्यासाठी परक्या सरकारने तो खटाटोप केला. आज १ जुलै २०१७ पासून राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले, आणि व्यापाराच्या दृष्टीने ते इष्टच झाले. पण करासाठी नाका नको याचा अर्थ शस्त्रासाठी पहारा नको असा होत नाही. दोन राज्यांचे पोलीस मात्र या रेषेपाशी येऊन थबकतात, कारण पलीकडे हद्द दुसऱ्याची. गुन्हेगाराला नसलेली सीमा पोलिसांनाच काय ती आहे.

ही अडचण दुर्लंघ्य नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी बडवानी जिल्ह्यातील उमर्टी येथे जाऊन शस्त्रे बनविण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. मुळावर घाव घालण्याची ही दिशा बरोबर आहे. पण एका शहराच्या पोलिसांनी एकदा केलेली स्वारी ही व्यवस्था होत नाही. बुलढाणा, जळगाव, बऱ्हाणपूर आणि बडवानी या जिल्ह्यांचे कायमचे संयुक्त पथक हवे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरविली आहे. ती केवळ माल वाहणाऱ्या पोरांपर्यंत न थांबता मागणी नोंदविणाऱ्या धन्यांपर्यंत पोहोचली पाहिजे. आणि भट्ट्या मोडल्यावर त्या कारागिरांचे काय, हा प्रश्नही टाळता येणार नाही. शिकलगारांचा लोखंडकामाचा वारसा पिढ्यान् पिढ्यांचा आहे. सबंध समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारणे हे अन्यायाचे आणि शिवाय निरुपयोगी आहे. खाजगी कारखान्यांना शस्त्रनिर्मितीचे परवाने देणाऱ्या देशाने या हातांना अवजारांच्या कारखान्यात किंवा प्रशिक्षण संस्थेत जागा दिली, तर कोट्यवधींच्या पोलीस बंदोबस्ताहून तो उपाय स्वस्त पडेल.

सीमेच्या अलीकडचे काम महाराष्ट्र सरकारचे आहे. वाट अडली की शेतकरी थांबत नाही. तो बांधावर विजेची उघडी तार सोडतो किंवा कोणी फासे लावतो. अशा तारेने रानडुक्कर मरते, वाघ मरतो आणि शेजारच्या शेतातला माणूसही मरतो. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून २०१९ च्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला, याचे कौतुक आपण शहरात बसून केले. त्याच्या वाटेवरील प्रत्येक शेत विजेच्या तारेविना राहावे असे वाटत असेल, तर त्या शेताच्या धन्याला वेळेवर दाद मिळाली पाहिजे. परवाना आणि परवानगी यांच्या अर्जांवर ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा, नकार दिल्यास कारण लेखी कळवावे. प्रत्येकाच्या हाती बंदूक देण्याची गरज नाही. तालुक्याला परवानाधारक नेमबाजांची यादी करून वनखात्याच्या देखरेखीखाली त्यांना पाचारण करता येईल. बिहारने २०१६ मध्ये मोकामा भागात रोह्यांसाठी परप्रांतीय नेमबाज आणले, तेव्हा त्यावर बरेच वादळ उठले. तसे वादळ टाळावयाचे तर गणना, गरज आणि संख्या ही आधी जाहीर करावी.

बेकायदा बाजार केवळ पहाऱ्याने बंद होत नाही. कायदेशीर वाट मोकळी झाली म्हणजे त्याचे निमित्त संपते आणि उरतो तो निखळ गुन्हेगार. त्याला पकडणे मग पोलिसांनाही सोपे जाईल. पाचोरीहून टुनकीला येण्यास एक रात्र पुरते. संग्रामपूरच्या शेतकऱ्याचा अर्ज बुलढाण्याच्या कचेरीतून परत येण्यास किती दिवस लागतात, हे जिल्हाधिकाऱ्यांनी दरमहा प्रसिद्ध करावे. या दोन प्रवासांतील अंतर जोवर कमी होत नाही, तोवर सातपुड्यातील डोंगरवाटा वाहत्याच राहतील.