परत फिरण्यात लाज कसली?

सबमिशनच्या आठवड्यात माणसाला अभ्यास सोडून सगळं सुचतं. तसंच एका रात्री आमच्या विंगमधले सातजण एका लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बसलो आणि 'नॉर्थ ऑफ द सन' नावाचा २०१२ सालचा नॉर्वेजियन माहितीपट बघितला. इंगे वेगे आणि यॉर्न रानुम ही दोन तरुण पोरं उत्तर नॉर्वेच्या एका निर्मनुष्य किनाऱ्यावर जवळजवळ नऊ महिने राहतात. समुद्राने आणून टाकलेल्या लाकडांची आणि कचऱ्याची खोपटी बांधतात, दुकानांनी मुदत संपली म्हणून काढून टाकलेलं अन्न खातात, भर हिवाळ्यात सर्फिंग करतात आणि त्या किनाऱ्यावरचा तीन टनांहून जास्त कचरा गोळा करतात!

सिनेमा संपल्यावर सगळ्यांचा एकच डायलॉग : "याला म्हणतात डेअरिंग! नाहीतर आपण..." मीही मान डोलावली. पण नंतर त्या भागाबद्दल वाचत गेलो आणि लक्षात आलं की आपण त्यांची डेअरिंग तेवढी बघितली, तयारी बघितलीच नाही. हा लेख त्या तयारीबद्दल आहे, आणि थोडासा गेल्या जुलैबद्दलही.

नॉर्वेच्या वायव्य किनाऱ्यावर लोफोटेन नावाची बेटं आहेत. आर्क्टिक वृत्ताच्याही वर, साधारण ६८ अंश उत्तरेला. एवढ्या वर समुद्र गोठायला हवा, पण अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे तो गोठत नाही. 'उबदार' म्हणजे काय, तर हिवाळ्यात पाच-सहा अंश! तिथल्या उन्स्ताद गावात १९६३ साली दोन तरुणांनी घरी बनवलेल्या फळ्यांवर पहिल्यांदा सर्फिंग केलं. खलाशी म्हणून जग फिरताना त्यांनी ते बघितलं होतं. आज थंड पाण्यातल्या सर्फिंगसाठी ते गाव प्रसिद्ध आहे.

आता जरा इंजिनिअरिंग. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं. थंड पाण्यातल्या धोक्यासाठी कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी एक सोपं सूत्र दिलंय : एक-दहा-एक. पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास सांभाळायचा. पुढची दहा मिनिटं हातपाय चालतात, तेवढ्यात बाहेर पडायचं. आणि साधारण एक तासाने शुद्ध हरपते. म्हणजे पहिल्या मिनिटात घाबरून नाकातोंडात पाणी गेलं, तर पुढच्या तासाचा प्रश्नच येत नाही.

यावर उपाय शोधला तो ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन फिजिसिस्टने, १९५२ च्या सुमारास. त्याआधीची धडपड अंग कोरडं ठेवण्याची होती. त्याने उलटा विचार केला. अंग ओलं झालं तरी चालेल, उष्णता अडवली की झालं. वेटसूटच्या निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात, तेच इन्सुलेशनचं काम करतात. लोफोटेनचे सर्फर हिवाळ्यात पाच-सहा मिलिमीटर जाडीचा सूट, हातमोजे, बूट, टोपी असा सगळा सरंजाम घालून उतरतात. आम्हाला पडद्यावर दिसला तो फक्त लाटेवरचा माणूस.

तीच गोष्ट डोंगरात पळण्याची. लोफोटेनमध्ये शंभर मैलांची अल्ट्रा ट्रेल शर्यत होते. वाट दगडाधोंड्यांची, चिखलाची, एका अंगाला समुद्र. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, म्हणून रात्रभर पळता येतं. पण अशा शर्यतींना नुसतं शूज घालून जाता येत नाही. पावसाचं जॅकेट, गरम कपडे, फोन, खाणं अशी सक्तीच्या सामानाची यादी असते. सामान नाही तर शर्यत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती नॉर्वेची डोंगरातली नियमावली. ती गेल्या शतकाच्या मध्यात तयार झाली. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात बरेच जण दगावले, तेव्हा रेडक्रॉस आणि तिथल्या ट्रेकिंग संघटनेने ती जोरात लोकांपर्यंत नेली. २०१६ साली ती सुधारून घेतली. नियम फक्त नऊ. कुठे जाताय ते सांगून जा. हवामानाचा अंदाज बघा. छोट्या ट्रिपलाही वादळाची तयारी ठेवा. नकाशा वाचा, आपण कुठे आहोत हे कायम माहीत असू द्या. आणि आठवा नियम : वेळेवर परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही.

हा आठवा नियम वाचला आणि मला जुलै आठवला.

किल्ल्याचं नाव मुद्दाम देत नाही. पायथ्याच्या गावात एक मामा म्हणाले, "पोरांनो, वर पाऊस लई झालाय, ओढा फुगतोय. आज नका जाऊ." आम्ही हसलो. आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "अरे, परत जाऊ या का?" त्यावर जो 'फट्टू' म्हणून ओरडला, तो मी. सगळे खिदळले आणि तो गप्प आमच्या मागे चालू लागला. उतरताना सकाळी घोट्याइतका असलेला ओढा मांडीपर्यंत आला होता. पाय घसरून वाहून गेला तो नेमका तोच. वीस-पंचवीस फुटांवर एका झाडाच्या मुळात अडकला म्हणून वाचला. दोर घेऊन धावत आले तेही सकाळचेच मामा. खांद्याचं हाड मोडलं, सेमिस्टर बुडता बुडता राहिलं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नोटीस बोर्डावर कागद लागला : ट्रेकला बंदी. रेक्टर सरांची बाजू मी समजू शकतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. असं काही घडलं की प्रशासन बंदीचे आदेश काढतं. आमच्या आईवडिलांचा फोन सरांनाच घ्यावा लागतो. मग सरांनी दुसरं काय करायचं?

पण बंदीने झालं काय? ट्रेक थांबले नाहीत. आता पोरं 'घरी जातो' म्हणून गेटपास घेतात. म्हणजे कुठे गेलेत हे कुणालाच माहीत नसतं. नियम क्रमांक एकच मोडला!

नॉर्वेत उलट आहे. १९५७ च्या कायद्याने पडीक रानातून, डोंगरातून कुणालाही हिंडायची मोकळीक आहे. राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर तंबू ठोका, दोन रात्री राहा, परवानगी लागत नाही. लोफोटेनमधल्या राइनेब्रिंगेन या डोंगराची वाट पर्यटकांच्या गर्दीने उखडली, दगड सुटू लागले. तेव्हा बंदी घालून विषय संपवला नाही. २०१६ पासून नेपाळच्या शेर्पांना बोलावून तिथे सुमारे दोन हजार दगडी पायऱ्या बसवून घेतल्या.

कुणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा आहे, हेलिकॉप्टर आहेत, लोकसंख्या मुंबईपेक्षा कमी. मान्य. पण त्या नऊ नियमांना पैसा कुठे लागतो?

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. वॉचमन काकांच्या केबिनमध्ये एक वही ठेवावी. कोण, कुठे, कुठल्या वाटेने, परत कधी, गावातला फोन नंबर कुठला. ठरलेल्या वेळेपर्यंत सही झाली नाही तर रेक्टर सरांना कळवायचं. पावसाचा इशारा असेल त्या दिवशी वही बंद. ही वही लेडीज हॉस्टेललाही असावी, डोंगर काही फक्त मुलांचे नाहीत. आणि आपल्यासाठी एक नियम : ग्रुपमधल्या एकाने जरी 'परत' म्हटलं, तरी सगळ्यांनी परत. बहुमत नाही, चर्चा नाही, चेष्टा तर नाहीच.

मित्रांनो, आपल्याला सातव्या सेमला सेफ्टी फॅक्टर शिकवतात, पण पूल कोसळला नाही म्हणून कुणी इंजिनिअरला फट्टू म्हणत नाही. मग डोंगरातच का म्हणतो?

त्या मित्राला मी हॉस्पिटलमध्ये सॉरी म्हटलं होतं. पण शिवी सगळ्यांसमोर दिली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतोय. त्या दिवशी तू बरोबर होतास.