पिकअप खाली बसवाची हाये? आधी पांदण पाहा, मंग किट पाहा

कुही : दिवाळी झाली की आपल्या तालुक्यात मिरचीची धावपळ सुरू होते. तोडणीचे बोरे, सातऱ्यावरचा माल, मांढळचा बाजार, नाही जमला भाव तर नागपुरात कळमना. ही सगळी ने-आण आता पिकअप आणि छोटा हत्तीवर आहे. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हापासून तर रस्त्याशिवाय दुसरा आधारच राहिला नाही. ज्याच्या दारात पिकअप, त्याच्या घरात रोजचा पैसा, असं साधं गणित झालं आहे.

आणि याच पिकअपवर आता एक नवीन खूळ आलं आहे. मोबाईलवर रील पाहून पोट्टे विचारतात, "भाऊ, गाडी खाली बसवाची हाये, किट कोणती घेऊ?" ऑनलाइन किट भेटते, गॅरेजवाला बसवून देतो, गाडी रस्त्याला टेकल्यासारखी दिसते. प्रश्न कोणती किट घ्यायची हा नाहीच. जिच्यावर घराचा हप्ता चालतो त्या गाडीला ही किट परवडते का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून थोडं खोलात जाऊन पाहू.

मागची बाजू उंच काहून असते?

रिकामी पिकअप बाजूने पाहिली तर मागून उचललेली दिसते. पोट्ट्यांना तेच खटकते. पण ती कंपनीची चूक नाही. माल भरला की पाटे दबतात, मागची बाजू खाली येते आणि गाडी सपाट होते. म्हणजे गाडीची उंची ही शोभेची नाही, ती माल पेलण्याची जागा आहे. तुम्ही गाडी घेताना दीड टन क्षमतेचे पैसे मोजले, त्यातले काही पैसे या मोकळ्या जागेचेच आहेत.

एक्सलच्या वर चेसिसला रबराचा ठोकळा असतो. खड्ड्यात गाडी आदळली तर लोखंडावर लोखंड बसू नये म्हणून तो दिलेला असतो. आता हिशोब पाहा. समजा रिकाम्या गाडीत एक्सल आणि रबर यांच्यात पाच इंच जागा आहे. पूर्ण माल भरल्यावर पाटे तीन इंच दबतात. उरले दोन इंच, ते खड्ड्यासाठी. आता किटने तीन इंच गाडी आधीच खाली बसवली, तर उरले दोनच. माल भरताना तीन पाहिजे. म्हणजे माल पूर्ण भरायच्या आधीच एक्सल रबराला टेकला. त्यानंतर प्रत्येक खड्ड्याचा मार पाट्यावर जात नाही, सरळ चेसिसवर जातो. मेन पाटा तुटणे, चेसिसला चीर जाणे, माल आदळणे हे सगळं तिथून सुरू होते.

हे मी सांगतो म्हणून मानू नका. घरचा टेप घ्या. सपाट जागेवर गाडी रिकामी असताना ही जागा मोजा, मग पूर्ण भरून मोजा. दोन्ही आकडे कागदावर लिहा. कोणत्या किटवाल्यापेक्षा हा कागद तुम्हाला जास्त सांगेल.

किट म्हणजे नेमकं काय?

बाजारात मुख्य चार प्रकार चालतात.

पहिला, पाटा काढणे. ही खरं तर किटही नाही. मिस्त्री एक-दोन पाटे काढून टाकतो, गाडी बसते. पण पाच जणांचं ओझं चौघांवर आलं की चौघं लवकर थकतात. क्षमता गेली, पाटे तुटायची वेळ जवळ आली.

दुसरा, एक्सल पाट्याच्या वर घेणे. बऱ्याच पिकअपमध्ये मागे पाटे एक्सलच्या वर बसलेले असतात. ते खालून बांधले की गाडी एकदम खाली येते. यात पाटे कमी होत नाहीत, पण वर सांगितलेली जागा खलास होते. शिवाय शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातो, गाडी विशिष्ट वेगाला थरथरते. काही जण नुसता लोखंडी गुटका टाकायला सांगतात. पाटे एक्सलच्या वर असताना गुटका टाकला तर गाडी खाली नाही, उलट वर जाते, हेही अनेकांना माहीत नसते.

तिसरा, शॅकल आणि हँगर बदलणे. पाट्याचे टोक चेसिसला जिथे धरलेले असते ते तुकडे बदलून गाडी इंच-दोन इंच खाली घेतात. लोखंड आणि वेल्डिंग कोणाचं, यावर सगळा भरवसा.

चौथा, आणि सगळ्यात वाईट, गॅसने तापवून पाटा किंवा स्प्रिंग बसवणे. पाट्याला कारखान्यात ठरावीक तापमानाने पाणी दिलेलं असते, तोच त्याचा जीव. गॅस लावला की तो जीव गेला. असा पाटा कधी तुटेल ते मिस्त्रीही सांगू शकत नाही.

ब्रेकचं काय होते, ते कोणी सांगत नाही

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक दांडी आणि व्हॉल्व्ह असतो. माल भरला, गाडी दबली, की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी, वर उचललेली, की दाब कमी मिळतो. या व्हॉल्व्हला वजन समजत नाही, फक्त उंची समजते.

तुम्ही गाडी खाली बसवली की व्हॉल्व्ह समजतो, माल भरला आहे. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांना जोरात ब्रेक लागतो. पावसात, चिखल सांडलेल्या डांबरावर मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी फिरते.

याचं उलटंही खरं आहे, आणि तो रोग आपल्याकडे जुना आहे. जास्त माल बसावा म्हणून पाटे वाढवणारे गावोगावी आहेत. तिथे माल दोन टन भरला तरी गाडी दबत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक कमी लागतो आणि भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. तेव्हा रीलवाल्या पोट्ट्यांना हसणाऱ्या जुन्या मालकांनी आपली गाडीही एकदा वाकून पाहावी.

आपले रस्ते आणि त्यांचे रस्ते

गाडी खाली बसवायची हौस अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी ती वाढवली. तिथेसुद्धा १९५८ मध्ये अति खाली बसवलेल्या गाड्यांवर कायद्याने बंदी घातली होती, ती २०२४ पासून उठली. त्या गाड्या शनिवार-रविवारी गुळगुळीत रस्त्यावर मिरवायच्या, त्यांच्यावर मिरचीचे बोरे नसतात.

आपल्याकडे काय आहे? काळी जमीन, पावसात गुडघाभर चिखल, पांदणीच्या मधोमध उंचवटा आणि दोन बाजूला चाकोऱ्या. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री योजना आणली, पण अजूनही किती शेतांपर्यंत खडी पोचली ते प्रत्येकाने आपल्या धुऱ्यावर उभं राहून पाहावं. डांबरी रस्त्यावर गतिरोधक आहेत. नियमाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे. गावातला गतिरोधक मोजून पाहा, उंची जास्त आणि रुंदी हातभर. आंभोऱ्याच्या नव्या पुलावर रील छान बनते, पण पुलावरून उतरल्यावर गाडी परत आपल्याच रस्त्यावर येते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळच्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पाटे वाढवून जास्त माल भरला तर ओव्हरलोडचा दंड वेगळा, २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये.

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागते. आपल्या एमएच-४० च्या गाड्यांना तपासणीत बदल दिसला तर गाडी परत पाठवली जाऊ शकते. मग किट काढा, जुने भाग शोधा, तेवढे दिवस गाडी उभी. हप्ता मात्र उभा राहत नाही.

विम्याचंही तसंच. कंपनीला न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर दाव्यात भांडण ठरलेलं. त्यात मिरची तोडायला जाणाऱ्या बाया डाल्यात बसवल्या असतील तर विषय आणखी गंभीर. मालवाहू गाडीत सवारी म्हणून बसलेल्यांची भरपाई विमा कंपनीवर टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच आशा राणी प्रकरणात सांगितलं आहे. म्हणजे ती रक्कम मालकाच्या शेतीवर येऊ शकते. आणि ज्या घरची बाई गेली, त्या घराचं नुकसान तर कोणत्याच रकमेने भरत नाही.

मग सगळेच बदल बंद आहेत का? नाही. सीएनजी किट बसवता येते, कारण ती तपासणी होऊन मान्य झालेली असते आणि आरसीवर तिची नोंद होते. म्हणून किट विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. याची मान्यता दाखव. आणि आरसीवर नोंद कोण करून देणार? उत्तर नाही आलं तर पैसे खिशातच राहू द्या.

अडचण खरी असेल तर उपाय काय?

सगळेच हौसेसाठी विचारत नाहीत. काहींची अडचण खरी आहे.

डाला उंच पडतो, बोरे चढवताना कंबर जाते, असं असेल तर घरी किंवा सातऱ्यावर डाल्याच्या उंचीचा ओटा बांधा, नाही तर मजबूत फळीचा उतार करा. खर्च एकदाच आणि मजुरांचाही त्रास वाचतो.

वळणावर गाडी झोलते, असं असेल तर आधी बुश, शॅकल, शॉकअप, यू-बोल्ट आणि टायरची हवा तपासा. पाट्याचा मधला बोल्ट तुटलेला असला तरी गाडी अशीच चालते. बोरे डोक्यावर रचण्यापेक्षा पसरून रचा, ताडपत्री आणि दोर पक्का बांधा. अर्धा झोला तिथेच जातो.

एका बाजूला गाडी झुकली असेल तर पाटा तुटला किंवा बसला आहे. दोन्ही बाजूचे पाटे सोबतच बदला, आणि कंपनीने दिले तेवढेच टाका.

नवीन गाडी घ्यायची असेल तर तेव्हाच डाल्याची उंची टेपने मोजा. छोट्या चाकाच्या गाडीचा डाला खाली असतो, मोठ्या पिकअपचा वर. पांदण खराब असेल तर वरची घ्या, मुख्यतः बाजार आणि डांबरी रस्ता असेल तर खालची चालते. उंची निवडायची जागा शोरूम आहे, गॅरेज नाही.

आणि ज्यांनी आधीच गाडी खाली बसवली आहे, त्यांनी यंदाच्या मिरचीचा पहिला बोरा भरायच्या आधी जुने भाग परत बसवून घ्यावे. व्हॉल्व्हची दांडी मिस्त्रीकडून जागेवर करून घ्यावी, हेडलाइट सरळ करून घ्यावे आणि रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून पाहावा. जुने भाग भंगारात गेले असतील तर नवीन घ्या. एका पाट्याचे पैसे एका हंगामात निघतात, भाऊ. गाडी पलटली तर हंगाम परत येत नाही.