लेकराला रात्री किती दिसते?

रात्री दिवा मालवला की तान्हे लेकरू आढ्याकडे टक लावून पाहते, मधूनच हसते. घरातली म्हातारी म्हणते, सटवाई हसवते. नव्या आईला मात्र वाटते, याला अंधारात दिसते तरी काय?

खरे सांगायचे तर आपल्यापेक्षा पुष्कळच कमी. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. एक जात उजेडात काम करते, रंग ओळखते. दुसरी अंधुक प्रकाशात. ही दुसरी जात लेकराला जन्मतःच असते, पण उजेड टिपणारे तिचे टोक अजून आखूड असते. म्हणून मोठ्या माणसाला जेवढा मिणमिणता उजेड जाणवतो, त्याच्या सुमारे ५० पट उजेड महिन्याच्या लेकराला लागतो. तीन महिन्यांनी हे अंतर १० पटींवर येते. रब्बीची ज्वारी पेरल्यापासून खळ्यावर येऊन धान्य घरात पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिन्यांत, ही नजर बरीचशी आपल्यासारखी होते. तोवर रात्री पाजताना बारीक दिवा पुरतो. आईला ते वासाने आणि आवाजाने ओळखतेच.

ही झाली निसर्गाची कमतरता, ती आपोआप भरते. चालते-बोलते लेकरू दिवसा अंगणभर पळते आणि दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळते, पुढ्यातली भाकर चाचपडते, तेव्हा मात्र "लहान आहे अजून" म्हणून सोडू नये. तो रातांधळेपणा असू शकतो. अंधारात पाहण्याचा जो रंग डोळा तयार करतो, त्याला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की आधी रात्रीची नजर जाते, मग डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसतात आणि शेवटी बुबुळच मऊ पडून डोळा कायमचा जातो. गोवर किंवा जुलाब झालेल्या अशक्त लेकराला हा धोका फार. काजळाने यातले काहीही थांबत नाही, उलट मळक्या बोटाने डोळा येतो.

यासाठी सरकारने १९७० साली अ जीवनसत्त्वाचे डोस सुरू केले; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत त्याचा अभ्यास झाला होता. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराच्या लसीबरोबर, एक लाख युनिटचा. दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, दोन लाखांचा. मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. ऊसतोडीला गेलेल्या घरांचे डोस हमखास चुकतात, म्हणून कार्ड बरोबर न्यावे आणि जिथे कोपी पडेल तिथल्या अंगणवाडीत दाखवावे. गरोदरपणी बाईलाही कधी संध्याकाळी दिसेनासे होते. तिने नर्सबाईंना सांगावे. लेकरांचा हा मोठा डोस मात्र तिने मुळीच घेऊ नये.

बाकी औषध बांधावर आहे. बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये, त्यात हे जीवनसत्त्व भरपूर असते. सहा महिन्यांनंतर वरणात शेवग्याचा पाला, तांदुळजा किंवा मेथी मऊ शिजवून घालावी आणि वर करडईच्या तेलाची धार सोडावी, कारण तेलाशिवाय ते अंगी लागत नाही. पिकलेली पपई, आंबा चालतो. उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी होते, म्हणून शेवग्याचा पाला आधीच सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवावा.