मंत्रालयातली जाळी

मुंबई दाखवायची म्हणजे गेटवे आणि राणीची बाग, हे ठरलेलंच. यंदा आईला आणि मुलांना घेऊन मी हुतात्मा चौकापासून सुरुवात केली. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार दिसताच आईने चपला काढल्या, हात जोडले. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र मिळाला तो कुणाच्या रक्तावर, हे तिला सांगावं लागत नाही. विधान भवन बाहेरूनच पाहिलं. मग रांगेत उभं राहून पास काढले आणि मंत्रालयात शिरलो. आत मधल्या मोकळ्या जागेत भलीमोठी जाळी ताणलेली आहे. ‘ही कशाला?’ धाकटीने विचारलं. दाद मिळेना म्हणून माणसं इथे वरच्या मजल्यांवरून उडी घेऊ लागली, तेव्हा २०१८ मध्ये ती बांधली. मी तिला खरं तेच सांगितलं. आपल्या राज्याची राजधानी मुलांनी अशीही पाहायला हवी. शेजारी एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढत, घडी जपून उलगडत, पुन्हा तशीच घालत होते. आई त्यांच्याजवळ गेली. ‘कुठलं गाव तुमचं?’ तिने विचारलं आणि आमची पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.