पेपर सुटला, आता उत्तरे जुळवू नका

दहावीचा बीजगणिताचा पेपर दुपारी एकच्या सुमारास सुटतो आणि शाळेच्या फाटकाबाहेर घोळके जमतात. "तिसऱ्यातल्या दुसऱ्याचं किती आलं?" "माझं बारा." "माझं तर आठ आलं!" तेवढ्यावर एखाद्या मुलाचा चेहरा उतरतो. वस्तीत पोचेपर्यंत त्याने मनातल्या मनात स्वतःचे दहा गुण कापलेले असतात. घरात पाऊल टाकताच आई विचारते, "कसा गेला?" शेजारच्या काकू विचारतात, "किती पडतील?" संध्याकाळी मामाचा फोन येतो. रात्री मोबाईलवर कुणीतरी सोडवलेल्या पेपरचे फोटो पाठवतो. त्या रात्री पोर धड जेवत नाही, धड झोपत नाही. आणि एकच दिवस मध्ये सोडून भूमितीचा पेपर असतो.

आरोग्याच्या पानावर गणिताच्या पेपरची चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. आमचे म्हणणे असे आहे की, परीक्षेच्या दिवसांत आपल्या मुलामुलींना पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, जागरण असे जे त्रास होतात, त्यांतले पुष्कळसे या चिंतेतून येतात. मेडिकलमधून आणलेल्या गोळीने ते जात नाहीत. पेपर सुटल्यावर उत्तरे जुळवण्याची सवय हे या चिंतेचे एक मोठे कारण आहे आणि ते आपल्याला बंद करता येण्यासारखे आहे. त्याला पैसा लागत नाही, फक्त घराने आणि शेजाराने ठरवायला हवे.

उत्तरे जुळवून काय कळते?

आधी हे पाहू की उत्तरे जुळवून खरोखर गुण कळतात का. दहावीला बीजगणिताचा लेखी पेपर ४० गुणांचा, भूमितीचा ४० गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण, असे मिळून गणिताचे १०० गुण होतात. ४० गुणांच्या पेपरात नुसता पर्याय निवडायचे प्रश्न असतात फक्त ४ गुणांचे. पुढच्या प्रश्नांत 'कोणतेही दोन', 'कोणतेही चार' अशी निवड असते. म्हणजे आपल्या मुलाने सोडवलेली गणिते आणि मैत्रिणीने सोडवलेली गणिते एकच असतील असे नाही. घोळक्यात मात्र सगळे एकाच पेपरचे एकच उत्तर असल्यासारखे बोलतात.

दुसरी गोष्ट, उत्तर वेगळे दिसले म्हणून ते वेगळे असतेच असे नाही. संभाव्यतेच्या गणितात एकाने तीन छेद सहा लिहिले आणि दुसऱ्याने एक छेद दोन लिहिले, तर दोन्ही किंमती सारख्याच आहेत. एकाने बाराचे वर्गमूळ तसेच ठेवले आणि दुसऱ्याने दोन गुणिले तीनचे वर्गमूळ असे लिहिले, तरी किंमत एकच. फाटकाबाहेरच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायऱ्यांची. गणिताच्या पेपरात गुण फक्त शेवटच्या उत्तराला नसतात. वर्गसमीकरण सूत्राने सोडवताना सूत्र बरोबर लिहिले, किंमती बरोबर घातल्या आणि शेवटी अधिक-वजाची चूक झाली, तर त्या चुकीपुरते गुण जातात. आधीच्या बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. क्रेमरच्या पद्धतीत एक निश्चयक चुकला म्हणून सगळे गणित शून्य होत नाही. पण "माझं आठ आलं, तुझं बारा" या बोलण्यात पायऱ्या कुठेच नसतात. मुलगा पूर्ण गणिताचे गुण गेले असे धरून बसतो आणि प्रत्यक्षात त्याचा एखादाच गुण गेलेला असतो.

शिवाय घोळक्यात ज्याचा आवाज मोठा, त्याचे उत्तर बरोबर ठरते. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर कोणाचे चुकले हे तिथे कुणालाच ठाऊक नसते. शांत स्वभावाचे मूल, त्यातही घरात दहावीपर्यंत पोचलेले पहिलेच मूल, अशा वेळी लगेच समजते की चूक आपलीच असणार. वर्गातल्या ज्या मुलांना महागडे क्लास आहेत त्यांचे उत्तर खरे आणि आपले खोटे, अशी त्याची समजूत होते. या समजुतीला काही आधार नसतो, पण ती रात्रभर छळते.

शरीरावर काय परिणाम होतो?

भीती वाटली की शरीर धोक्याची घंटा वाजवते. रक्तात तणावाची संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो, भूक मरते. समोर खरेच संकट असेल तर ही तयारी कामाची असते. पण पेपर लिहून झाला आहे, उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधून गेली आहे. आता धावून काही उपयोग नाही आणि शरीर मात्र धावायच्या तयारीत तासन्‌तास अडकून राहते.

याचा पहिला घाव झोपेवर पडतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला ८ ते १० तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते बरेचसे झोपेतच. म्हणून भूमितीच्या आदल्या रात्री जागून पाच प्रमेये जास्त वाचण्यापेक्षा सहा-सात तास तरी शांत झोपलेले बरे. दुसरा घाव डोक्याच्या कामावर पडतो. गणित सोडवताना आकडे आणि पायऱ्या थोडा वेळ मनात धरून ठेवाव्या लागतात. त्याच वेळी मनात "माझे दहा गुण गेले" हे घोळत असेल, तर पायऱ्यांना जागा उरत नाही. येत असलेले गणितसुद्धा चुकते. म्हणजे बीजगणिताची चिंता भूमितीचे गुण खाते.

ज्या घरात एकच खोली आहे

तणाव कमी करा, मुलाला शांत वातावरण द्या, असे सल्ले सगळीकडे मिळतात. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे शांत वातावरण कोठून आणायचे? आम्ही असा सल्ला देणार नाही. पण एका खोलीच्या घरातही चार गोष्टी करता येतात.

पेपरहून आलेल्या मुलाला "किती पडतील?" असे विचारू नये. "आलास? हातपाय धू, जेवून घे," एवढे पुरे. त्याला सांगायचे असेल तर ते आपणहून सांगेल, तेव्हा ऐकून घ्यावे. रडले तर रडू द्यावे. "रडतोस काय पोरीसारखा" किंवा "वर्षभर मोबाईल बघितलास, आता भोग," ही वाक्ये त्या आठवड्यात तोंडातून काढू नयेत.

पोटात अन्न हवे. भाकरी-भाजी, वरण-भात, अंडे, केळे, शेंगदाणे-गूळ, घरात जे असेल ते वेळेवर द्यावे. मार्चचे ऊन असते, पाणी भरपूर प्यायला सांगावे. जागण्यासाठी चहावर चहा पाजू नये. त्याने पित्त वाढते आणि झोप उडते.

रात्री दहानंतर पोराच्या हातातला मोबाईल घराने आपल्याकडे घ्यावा. सोडवलेल्या पेपरचे फोटो रात्री बघून कुणाचा एक गुणही वाढलेला नाही.

आणि मुलींबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पुष्कळ घरांत मुलगा पेपर देऊन आला की झोपतो आणि मुलगी पेपर देऊन आली की नळावर जाते. ही पद्धत परीक्षेच्या महिन्यात तरी थांबली पाहिजे. देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. रक्त कमी असलेल्या मुलीला दम लागतो, चक्कर येते, लक्ष लागत नाही. घर म्हणते, तिचे अभ्यासात डोके नाही. डोके असते, अंगात रक्त नसते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, हे आईने विचारावे. गोळी उपाशीपोटी न घेता जेवल्यावर घ्यावी. फार थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.

गुणांना महत्त्व आहेच, म्हणूनच

गुणांना काय किंमत, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्याकडे शेत नाही, दुकान नाही, वशिला नाही, त्यांच्यासाठी दहावीचा निकाल हा मोठा आधार असतो. आई-बाप चार घरची धुणीभांडी करून, बिगारी करून फी भरतात, त्यांना काळजी वाटणारच. पण गुण महत्त्वाचे आहेत म्हणूनच हातातला दिवस पुढच्या पेपरला द्यायला हवा. झालेल्या पेपरवर घालवलेला तास परत येत नाही.

"चूक कळली नाही तर सुधारणार कशी?" असे काही शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे. वर्षभरच्या चाचण्यांमध्ये उत्तरे जरूर जुळवावीत, पेपर हातात घेऊन, पायरीपायरीने, शिक्षकांसमोर बसून. शिकणे त्यातूनच होते. बोर्डाचा पेपरही सगळी परीक्षा संपल्यावर सोडवून पाहावा, अकरावीला उपयोग होईल. आमचा विरोध आहे तो दोन पेपरांच्या मध्ये, उन्हात उभे राहून, अंदाजाने केलेल्या हिशोबाला.

घरातल्या मोठ्यांना काही गोष्टी माहीत असल्या तर त्यांची स्वतःची भीतीही कमी होईल. दहावीची टक्केवारी सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर काढली जाते. म्हणजे गणितात उत्तीर्ण होऊन गुण कमी पडले, तरी तोच सर्वांत कमी गुणांचा विषय असेल तर टक्केवारीत तो धरला जात नाही. निकालात गुण फारच कमी वाटले तर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि ती पाहून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मुदत थोडी असते, म्हणून निकाल लागताच शाळेत विचारावे. विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो. गणिताचा एक पेपर म्हणजे सगळे दरवाजे बंद, हे खरे नाही. मुलाला हे निकालाच्या दिवशी नको, आजच सांगा.

लक्ष ठेवा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येकामागे परीक्षाच होती असे नाही, अशा घटनेला अनेक कारणे असतात. पण वस्तीने सावध राहावे एवढे हे आकडे नक्कीच मोठे आहेत.

मूल अचानक गप्प झाले, मित्रांत जाईना, जेवण सोडले, रात्र-रात्र जागू लागले, आवडत्या वस्तू दुसऱ्यांना देऊ लागले, "मी नसलो तर बरं होईल" असे म्हणू लागले, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "बाळा, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?" असे विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. ताप आला की आपण दवाखान्यात जातोच ना?

वस्तीतल्या मंडळांना आणि महिला मंडळांना आमची एक विनंती आहे. परीक्षेच्या पंधरवड्यात लाऊडस्पीकर बंद ठेवा. विहारातली किंवा समाजमंदिरातली खोली रात्री दहापर्यंत अभ्यासाला उघडी ठेवा. पेपर सुटायच्या वेळी दोन मोठ्या मुलांना शाळेच्या फाटकावर उभे करा. त्यांनी आपल्या पोरांना घोळक्यातून बाहेर काढावे, पाणी पाजावे आणि घरी जेवायला पाठवावे. आणि गल्लीतल्या प्रत्येकाने एवढे पाळावे की शेवटचा पेपर होईपर्यंत कुणाही मुलाला "किती पडतील?" असे विचारायचे नाही.